‘जेनेव्हिव्ह’ म्हणजे ‘पांढरी लाट’ नव्हे, आणि ते बदफैली राणीचे नावही नव्हे

‘जेनेव्हिव्ह’ या फ्रेंच नावाबद्दलचा एक मजकूर सध्या व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांतून फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे की, या नावाचा अर्थ ‘पांढरी लाट’ असा आहे. ते मुळात ब्रिटनच्या दंतकथांतल्या आर्थर राजाच्या ग्विनिव्हिअर राणीचे नाव आहे आणि त्या राणीने नवऱ्याशी प्रतारणा केल्यामुळे ते मुलीला ठेवणे अशुभ आहे. जिन ही दारू आणि जिनिव्हा हे शहर यांची नावेही त्यावरूनच पडली. आणि एवढे सगळे सांगून झाल्यावर, हे नाव खरे तर संस्कृत ‘जनदेवी’चा अपभ्रंश आहे. म्हणजे नाव अशुभही आणि आपलेही! वसईतल्या माझ्या भाचीने मुलीसाठी हेच नाव निश्चित केले आहे आणि फादरांनी बाप्तिस्म्याची तारीखही दिली आहे. अशा वेळी तिच्या सासरच्या एका वडीलधाऱ्या बाईंनी हा मजकूर दाखवून ‘अजून नाव बदलता आले तर बघा’ असे सुचवले, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

सर्वांत वाईट मुद्दा राणीचा, तेव्हा सुरुवात त्यापासूनच करू. फ्रान्समध्ये हे नाव रुजले ते कोणत्याही राणीमुळे नव्हे, तर पाचव्या शतकातील संत जेनेव्हिव्हमुळे. ती पॅरिसजवळच्या नांतेर येथे जन्मली आणि आज पॅरिस शहराची आश्रयदाती संत मानली जाते. तिचे लॅटिन चरित्र उपलब्ध आहे, आणि तिच्या मृत्यूनंतर अठरा वर्षांनी आपण ते लिहीत आहोत असे त्याचा अनाम लेखक स्वतःच सांगतो; बहुतेक अभ्यासक ते इ.स. ५२० च्या आसपासचे मानतात. ब्रिटनला निघालेला बिशप जर्मानुस नांतेरला थांबतो, गर्दीतून या लहान मुलीला जवळ बोलावतो आणि जमिनीवर पडलेले, क्रुसाची खूण असलेले एक तांब्याचे नाणे उचलून, ‘हे गळ्यात घाल, दुसरे दागिने नकोत,’ असे तिला सांगतो, इतका बारीक तपशील त्यात आहे. पुढे ४५१ मध्ये अटिलाचे हूण चाल करून येत आहेत असे कळल्यावर पॅरिसचे लोक चीजवस्तू घेऊन पळायला निघाले, तेव्हा त्यांना अडवणारी आणि त्यापायी लोकांचा राग ओढवून घेणारी हीच बाई होती. या चरित्रात तिचे नाव ‘गेनोवेफा’ असे आहे. आर्थरच्या राणीची प्रतारणेची कथा मात्र लिखित स्वरूपात आढळते ती थेट बाराव्या शतकापासून, म्हणजे संताच्या निधनानंतर सहा शतकांनी. सहाशे वर्षांनंतरच्या कथेतला दोष आधीच्या बाईच्या नावाला चिकटवणे हे कोणत्या न्यायात बसते?

शिवाय फ्रेंच भाषेने ही दोन नावे कधी एक मानलीच नाहीत. क्रेतियां द त्र्वा या बाराव्या शतकातील फ्रेंच कवीने राणी आणि तिचा प्रियकर सरदार लान्सलॉट यांची कथा रचली, तेव्हा राणीचे नाव त्याने ‘गनिएव्र’ असे लिहिले. आजही फ्रेंचमध्ये राणी ‘गनिएव्र’ आणि संत ‘झन्विएव’. राणीचे नाव वेल्श ‘ग्वेन्हवीवर’वरून आले आहे आणि ‘जेनिफर’ हे त्याचे कॉर्निश रूप आहे. त्या घराण्याशी जेनेव्हिव्हचा संबंध नाही, केवळ कानाला साम्य वाटते.

‘पांढरी लाट’ हा अर्थही त्याच घोटाळ्यातून आला आहे. वेल्शमध्ये ‘ग्वेन’ म्हणजे पांढरी किंवा गोरी हे खरे. परंतु पाचव्या शतकातल्या गॉलमध्ये (आजच्या फ्रान्समध्ये), जिथे हे नाव घडले, तिथल्या केल्टिक, म्हणजे वेल्शच्याच कुळातल्या, भाषेत पांढऱ्यासाठी ‘विंदो’ हा शब्द होता. व्हिएन्नाचे रोमन काळातले नाव ‘विंदोबोना’ त्यावरूनच पडले आहे. या ‘व’चा वेल्शमध्ये ‘ग्व’ झाला तो पुढच्या शतकांत. पांढऱ्या रंगावरून कोणी मुलीचे नाव ठेवले असते तर ते ‘विंदो’ने सुरू झाले असते, ‘गेनो’ने नव्हे. बरे, खुद्द वेल्श नावातही लाट नाहीच. त्याचा उत्तरार्ध अभ्यासक छाया किंवा भूत या अर्थाच्या आयरिश शब्दाशी जोडतात. (हे वाचून आता कोणी ‘भुताचे नाव’ असा नवा मजकूर काढू नये.)

प्रतारणेचाच विषय निघाला आहे तर जेनेव्हिव्ह नावाची खरी दंतकथाही सांगून टाकतो. मध्ययुगातली ब्राबांतची जेनेव्हिव्ह ही सरदारपत्नी. नवरा मोहिमेवर असताना गोलो नावाच्या कारभाऱ्याने तिच्यावर व्यभिचाराचा खोटा आळ घेतला, ती मुलाला घेऊन जंगलात राहिली, एका हरिणीच्या दुधावर ते मूल वाढले आणि अखेर ती निर्दोष ठरली. आणि विसाव्या शतकातले उदाहरण हवे असेल तर जेनेव्हिव्ह द गॉल-आंतोनिओझ ही आहे. जनरल द गॉल यांची ही पुतणी नाझींविरुद्धच्या भूमिगत चळवळीत होती आणि राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीतून जिवंत परतली. २०१५ मध्ये पॅरिसच्या पांतेआँ या राष्ट्रपुरुषांच्या स्मारकात तिला मान मिळाला, आणि ती इमारत मुळात संत जेनेव्हिव्हचे चर्च म्हणूनच बांधलेली आहे. अशुभाची ही लक्षणे असतील तर ती कोणालाही चालावीत.

जिन आणि जिनिव्हावर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. जिनचे नाव ज्युनिपर या झुडपावरून पडले आहे; लॅटिन ‘युनिपेरुस’चे फ्रेंचमध्ये झिजून ‘झनिएव्र’ झाले, त्यावरून डच ‘येनेव्हर’ आणि त्यावरून इंग्रजांची ‘जिन’. संताचे नाव ‘गे’ने सुरू होते आणि झुडपाचे ‘यु’ने, दोन्हींचा उच्चार फ्रेंचमध्ये जवळ आला तो नंतर. जिनिव्हाचा उल्लेख तर ज्युलियस सीझरच्या युद्धवृत्तांतात ‘गेनावा’ म्हणून आहे, आणि तो या संताच्या जन्माआधी सुमारे पाच शतकांचा आहे.

राहिली ‘जनदेवी’. इथे नाइलाजाने अर्धी गोष्ट कबूल करावी लागते. नावाच्या पूर्वार्धातले ‘गेनो’ हे कुळ किंवा वंश या अर्थाचे केल्टिक पद असावे असे एक मत आहे, आणि ते मानले तर त्याचा धातू व संस्कृत ‘जन्’ एकाच प्राचीन इंडो-युरोपीय मुळापासून निघतात. लॅटिन ‘गेनुस’ही त्यातलेच. पण समान मूळ असणे वेगळे आणि संस्कृतवरून अपभ्रंश होणे वेगळे. तसे असते तर लॅटिनलाही संस्कृतचा अपभ्रंश म्हणावे लागेल. शिवाय ‘देवी’ला इथे जागाच नाही, कारण जुने रूप ‘गेनोवेफा’ आहे आणि त्यात ‘द’ कुठेही नाही. गोव्यात पोर्तुगीजांमार्फत आलेल्या ‘जेनोवेवा’ या रूपातही तो नाही. उत्तरार्धातल्या ‘वेफा’चा संबंध काही जण स्त्री या अर्थाच्या जर्मानिक (जर्मन, इंग्रजी यांच्या कुळातल्या) शब्दाशी लावतात. काहींना सबंध नावच फ्रँक या जर्मानिक लोकांचे वाटते, जरी चरित्रात आईवडिलांची नावे गेरोंतिया आणि सेव्हेरुस अशी ग्रीक-रोमन वळणाची आहेत. नाव केल्टिक की जर्मानिक हा वाद अभ्यासकांत अजून चालू आहे. त्यामुळे बाप्तिस्म्याच्या दिवशी कोणी अर्थ विचारलाच तर ‘कुळातली स्त्री’ असे सांगावे, आणि त्याआधी ‘बहुधा’ हा शब्द न विसरता जोडावा.