पळवाट कसली, उलट डोक्यावर काम!

नमस्कार,

कबाला, म्हणजे ज्यूंची गूढवादी परंपरा, यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही सडेतोड प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. तुमचे आक्षेप दोन. १४९२ साली स्पेनमधून हाकलल्या गेलेल्या ज्यूंनी 'देवही आमच्यासारखाच परागंदा' अशी मनाची समजूत घातली, म्हणजे ही निव्वळ पळवाट. आणि आपल्या विरहिण्यांमध्ये हे सगळं आहेच, मग नवं काय?

स्पेनचा धागा कबालाचे अभ्यासक गेर्शोम शोलेम यांनीही जोडला होता, दुसरे अभ्यासक मोशे इडेल यांना तो मान्य नाही. मला इडेल पटतात. शेखिना, म्हणजे देवाचं जगातलं सान्निध्य, लोकांबरोबर परमुलखात गेली, हे तालमूद या ज्यूंच्या जुन्या धर्मग्रंथातच येतं. कबालाचा मोठा गुरू इसाक लुरिया तर जन्मला १५३४ मध्ये, जेरुसलेमला. १५७० मध्ये तो गॅलिलीतल्या त्सफतला आला आणि दोन वर्षांत वारलाही. त्याच्या मते निर्वासन सृष्टीच्या आरंभापासूनच आहे: दिव्य प्रकाश ज्या पात्रांत ओतला ती फुटली, ठिणग्या जगभर विखुरल्या. स्पेन त्यापुढे कालपरवाचं.

त्या ठिणग्या वेचायच्या कोणी? माणसानं. भाकरी खाण्याआधीचा आशीर्वादसुद्धा नीट मन लावून म्हणायचा, कारण त्या घासातही काहीतरी अडकलेलं असतं. मध्यरात्री उठायचं, जोडे काढून दाराच्या चौकटीपाशी जमिनीवर बसायचं, कपाळाला राख लावायची आणि बायबलमधल्या राहेलच्या नावानं विलाप करायचा; मग तिची बहीण लेआ हिच्या नावानं आशेची स्तोत्रं. पळून जायचं असेल तर माणूस एवढ्या रात्री उठेल कशाला?

विरहिणीत झुरतो तो भक्त. इथे ताटातूट देवाच्याच घरात आहे, तो एकीकडे आणि शेखिना दुसरीकडे. भक्ताकडे येतं ते दोघांना जुळवून आणायचं काम. धर्माची कुठलीही आज्ञा पाळण्याआधी 'त्यांच्या ऐक्यासाठी' असं म्हणायची प्रथाच पडली. मला तरी हे अगदी वेगळं वाटतं.

आक्षेप घ्यायचाच तर उतावीळपणावर घ्या. १६६५ मध्ये शब्बताई त्स्वी नावाच्या ज्यू गूढवाद्याला मशीहा, म्हणजे ज्यूंचा तारणहार, ठरवलं गेलं आणि युरोपभर ज्यूंनी पवित्र भूमीला जायला गाशा गुंडाळायला सुरुवात केली. ग्लिकल नावाच्या बाईनं आपल्या आठवणींत लिहिलंय: सासऱ्यांनी हामेलनचं घरदार सोडलं आणि हॅम्बुर्गला मुलाकडे पिंपं पाठवली. आत कपडे, वाटाणे, सुकवलेलं मांस. बोलावणं आलं की तिथूनच जहाज पकडायचं! पुढे सासऱ्यांनाच कळवावं लागलं की बाबांनो, पिंपं फोडा, खाण्याचे जिन्नस काढा, नाहीतर कपडे नासतील.

१६६६ मध्ये शब्बताईनं इस्लाम स्वीकारला. तरी काही अनुयायी म्हणत राहिले की तिकडे अडकलेल्या ठिणग्या सोडवायलाच तो गेलाय. पळवाट म्हणायची तर हिला म्हणा, तिथे मी तुमच्याशी वाद घालणार नाही.