मशालजी

गेल्या शनिवारी सलग साडेतीन तास मी मशाल धरली. मशाल काल्पनिक होती, तळघर काल्पनिक होते, त्यात हिंडणारे सांगाडेही काल्पनिकच होते. अपमान तेवढा अस्सल होता.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलाभोवती बसून, एकेक पात्र घेऊन खेळायच्या खेळाची २००३ सालची ३.५ आवृत्ती आम्ही अजून खेळतो, कारण आमच्या डीएमकडे, म्हणजे गोष्ट सांगून खेळ चालवणाऱ्याकडे, तीच पुस्तके आहेत आणि तीच त्याला पाठ आहेत. या आवृत्तीत जादूच्या आठ शाखा आहेत. साधा विझार्ड, म्हणजे माझ्यासारखा जादूगार, आठही शिकू शकतो. एकाच शाखेत विशेष प्रावीण्य मिळवायचे असेल, तर इतर दोन शाखांवर जन्मभरासाठी पाणी सोडावे लागते आणि त्या बदल्यात मंत्रांच्या प्रत्येक पातळीवर रोज एक जास्तीचा मंत्र पदरात पडतो. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ हे वाक्य मला लहानपणापासून इतक्या जणांनी ऐकवले आहे की, निवड करताना माझा हात थरथरलासुद्धा नाही. मी एनचांटमेंट, म्हणजे मोहिनीविद्या, घेतली. आगीचे गोळे फेकणे हे दांडगटांचे काम, म्हणून इव्होकेशन सोडली. आणि मला माणसे वश करायची होती, त्यांचे बेडूक करायचे नव्हते, म्हणून ट्रान्सम्युटेशनही सोडली.

शनिवारी आम्ही एका जिन्याच्या तोंडाशी पोचलो आणि डीएम म्हणाला, “खाली मिट्ट काळोख आहे.” आमचा क्लेरिक, म्हणजे दैवी मंत्र जाणणारा पुजारी, त्या दिवशी गैरहजर होता, त्यामुळे उरलेल्या तिघांनी एकदम माझ्याकडे पाहिले. उजेड पाडणे हा या खेळातला सर्वांत खालच्या पातळीचा, नवशिक्या जादूगारालाही येणारा मंत्र आहे. मात्र तो इव्होकेशनमध्ये मोडतो. मी वणवा नको म्हणून सही केली होती आणि तेवढ्यावर माझी काडेपेटीही जप्त झाली होती. आमच्यातल्या लढवय्याच्या, फायटरच्या, एका हातात तलवार होती, दुसऱ्या हातात ढाल. रानावनात वावरणाऱ्या रेंजरचे दोन्ही हात धनुष्यात गुंतलेले होते. चोराला कुलपे उघडायची होती. “तुझे हात रिकामेच आहेत की,” असे म्हणून त्याने आपल्या पिशवीतली मशाल माझ्या हाती दिली. नियमपुस्तकात तिची किंमत एक तांब्याचे नाणे आहे आणि ती तासभर जळते.

इथवरचे मी गिळले असते. पण डीएमचे मामा त्या संध्याकाळी तिथे होते. कान-नाक-घशाचे निवृत्त डॉक्टर. फोन चार्ज होईपर्यंत बसतो म्हणून ते कोपऱ्यातल्या खुर्चीत टेकले होते. टेबलावर माझ्या पाचव्या पातळीच्या मांत्रिकाची बाहुली होती, तिच्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारले, “हा कोण?”

“जादूगार.”

“मग मशाल कशाला? जादूने दिवा लाव ना.”

“मी त्या शाखेचा त्याग केलाय, मामा.”

“दिव्याचा त्याग?”

“दिव्याचा नाही, इव्होकेशनचा. दिवा तिच्यात येतो.”

मामांनी खुर्ची पुढे ओढली. यानंतर त्यांनी मला जे विचारले, ते रुग्णाला कधीपासून दुखते असे विचारणाऱ्या स्वरात विचारले, आणि हीच गोष्ट मला अजून झोपू देत नाही.

“बदल्यात काय मिळालं?”

“प्रत्येक पातळीवर रोज एक मंत्र जास्त.”

“कुठलाही?”

“माझ्याच शाखेचा लागतो.”

“अगदी खालच्या पातळीवर तुझ्या शाखेचे मंत्र किती आहेत?”

मी मूळ नियमपुस्तकातली यादी पाहिली, वास्तविक ती मला पाठ होती. “एक.”

“त्यानं काय होतं?”

“समोरच्या माणसाला क्षणभर गुंगी येते.”

“सांगाड्याला येते?”

“नाही येत.”

मामांनी चष्मा काढून पुसला. “म्हणजे तू दिवा देऊन गुंगीचं औषध घेतलंस, आणि तेही गुंगी न येणाऱ्या लोकांसाठी.”

मी त्यांना सांगितले की, विशेषज्ञ म्हटला की काहीतरी सोडावेच लागते, आणि तुम्ही नाही का आयुष्यभर कान, नाक आणि घसाच पाहिलात! यावर ते शांतपणे म्हणाले, “हृदयाचं ऑपरेशन मी करत नाही. पण बीपी मोजता येतं मला.” टेबलाभोवतीचे सगळे हसले. माझ्याकडे उत्तर नव्हते, अजूनही नाही. त्यांचा फोन केव्हाच चार्ज झाला होता, तरी मामा शेवटपर्यंत बसले आणि प्रत्येक नवा शत्रू समोर आला की मान पुढे काढून आस्थेने विचारत राहिले, “याला येईल का रे गुंगी?”

कोणालाच आली नाही. या आवृत्तीत मनावर चालणारी जादू मृतातून उठलेल्यांवर चालत नाही. झोपवण्याचा मंत्र वाया, मैत्री जडवण्याचा मंत्र वाया, आणि गडबडा लोळवून हसवणारा जो मंत्र मी मोठ्या कौतुकाने तयार ठेवला होता, तो ज्याच्यावर टाकला तो सांगाडा आधीपासूनच दात काढून हसत होता. पुढे एका पेटीत मॅजिक मिसाइलची कांडी सापडली. तीही इव्होकेशन, आणि नियम असा की वर्ज्य शाखेचा मंत्र गुंडाळीवरून वाचता येत नाही आणि कांडीतूनही सोडता येत नाही. अखेर चोराने ती घेतली. त्याला जादूचे अक्षर कळत नाही, पण अशा वस्तू अंदाजपंचे चालवण्याचे कौशल्य त्याच्याकडे आहे, आणि फाशाने त्याला साथ दिली. एका भुरट्याने माझ्या देखत जादू केली आणि त्याला नीट दिसावे म्हणून मी मशाल उंच धरली.

इतर शाखांचे मंत्र का तयार ठेवले नाहीस, असे मला फायटरने विचारले. वाजवी प्रश्न आहे. पण आठवडाभर आधी डीएमने “या वेळी दरबारातली कारस्थानं आहेत” असे सांगितले होते, म्हणून मी खेळातल्या सकाळच्या तयारीत, म्हणजे दिवसाचे मंत्र निवडून ठेवताना, मोहिनीच मोहिनी भरली होती. दरबार पहिल्या वीस मिनिटांत संपला आणि राजाने आम्हाला आपल्या पूर्वजांच्या थडग्यात पाठवले. यावर डीएमने अद्याप खेद व्यक्त केलेला नाही.

माझी खरी तक्रार मात्र सौद्याबद्दल आहे. या नियमात तोटा बिनशर्त आहे आणि नफ्याला अटी आहेत. शिवाय आठ शाखा सारख्या वजनाच्या मानल्या आहेत, आणि तशा त्या मुळीच नाहीत: ट्रान्सम्युटेशन सोडली म्हणजे उडणे गेले, कुलूप उघडणे गेले, उंचावरून अलगद उतरणे गेले, फाटलेले सांधणेही गेले. भविष्यविद्येचा विशेषज्ञ मात्र एकच शाखा सोडून मोकळा होतो, बहुधा त्याला हे सगळे आधीच दिसत असल्यामुळे. पुढे हा जाच लोकांनाही जाणवला असावा. याच खेळावरून निघालेल्या २००९ च्या ‘पाथफाइंडर’मध्ये नावडत्या शाखेचा मंत्र दोन मंत्रांची जागा अडवतो, पण निदान येतो. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत तर वर्ज्य शाखाच उरल्या नाहीत, उलट आपल्या शाखेचे मंत्र वहीत उतरवायला निम्मा वेळ आणि निम्मे पैसे लागतात. आमच्या टेबलावर २००९ अजून उजाडलेले नाही. शाखा बदलून मागितली, तर डीएम पान उघडून दाखवतो की ती नंतर बदलता येत नाही.

काल रात्री मी त्याला पुढच्या बैठकीसाठी खरेदीची यादी पाठवली. तिच्यात कधीही न विझणारी मशाल आहे, किंमत ११० सोन्याची नाणी. तेवढ्यात साध्या मशाली ११,००० आल्या असत्या, हे मला ठाऊक आहे. डीएमने खरेदी मंजूर केली, माझ्या हिश्श्यातून पैसे वजा केले आणि खाली एका ओळीत विचारले, “धरणार कोण?”