तापणारा बल्ब आहे का?

काल संध्याकाळी साडेसहा वाजता जुन्नरच्या बाजारपेठेतील विजेच्या सामानाच्या एका दुकानात मी साठ वॅटचा साधा, आत तार असलेला काचेचा बल्ब मागितला आणि त्यानंतरचा पाऊण तास माझ्या बुद्धीची, हिशेबाची आणि शेवटी हेतूची जाहीर तपासणी झाली. हे लिहितानाही माझे कान तापलेले आहेत. ज्या अकरा जिवांना त्या उष्णतेची गरज आहे त्यांच्यापर्यंत ती पोहोचवता येत नाही, एवढीच खंत आहे.

प्रकरण थोडक्यात असे. परवा सकाळी आमच्या गावरान कोंबडीला परसातून मुंगसाने नेले आणि मागे तीन दिवसांची अकरा पिल्ले राहिली. त्या वेळी परसात लक्ष ठेवण्याचे काम कोणाकडे होते, या विषयावर आमच्या घरात सध्या बोलणे बंद आहे. पिल्लाच्या अंगावरची लव दिसायला मखमली असली तरी थंडी अडवण्याच्या कामी ती मलमलीइतकीच उपयोगाची असते. पहिल्या आठवड्यात पिल्लाला सुमारे ३५ अंश सेल्सिअसची ऊब लागते आणि पुढे दर आठवड्याला ती तीनेक अंशांनी उतरवत न्यायची असते. कोंबडीचे अंग मुळातच ४१ अंशांच्या आसपास तापलेले असते, त्यामुळे तिने नुसते पंख पसरून बसायचे असते. पिल्लाला उकडले की ते पंखाखालून डोके बाहेर काढते, गारठले की आत ओढून घेते. वायर नाही, होल्डर नाही, महिन्याचे बिल नाही. असे हे यंत्र मुंगसाने पळवले होते आणि त्याचा पर्याय मला डिसेंबरच्या थंडीत, रात्र वाढण्यापूर्वी, बाजारातून आणायचा होता. आदल्या रात्री गोधडीच्या घडीत ठेवलेली पिल्ले एकमेकांच्या अंगावर चढून रात्रभर ओरडत होती, आणि ढिगाच्या तळाशी सापडलेले पिल्लू गुदमरून मरते हे ठाऊक असल्यामुळे मी दर अर्ध्या तासाने उठून तो ढीग मोडत होतो. तेव्हा दुकानात शिरताना माझी मनःस्थिती विनोदाला अनुकूल नव्हती, हे नमूद करून ठेवतो.

दुकानदार पंचविशीतला, हसतमुख मुलगा होता. त्याने तत्परतेने नऊ वॅटचा एलईडी बल्ब काढला, चाचणीच्या फळीवर लावला आणि म्हणाला, “सर, हात लावून बघा. दुपारपासून असाच एक चालू आहे. अजिबात तापत नाही.”

“म्हणूनच तो मला नको,” मी म्हणालो. “मला तापणारा पाहिजे.”

माल विकताना ज्या गुणाचे त्याने आजवर शेकडो वेळा कौतुक केले असेल, नेमका तोच गुण अवगुण म्हणून कोणी परत करील याची त्याला कल्पना नव्हती. जुना तारेचा बल्ब त्याला दिलेल्या विजेपैकी जेमतेम पाच टक्क्यांचा उजेड पाडतो आणि बाकीची जवळजवळ सगळी उष्णता करून उधळतो, म्हणून जगाने त्याला हाकलले. मला ती उधळपट्टीच विकत घ्यायची होती. उजेड फुकट मिळाला तरी चालेल, नसला तर उत्तमच, असे मी सांगितले. मुलाने माझ्याकडे पाहिले, मग माझ्या मागे पाहिले, आणि तिथेच काका प्रकरणात दाखल झाले.

काका सत्तरीचे होते. डोक्याला मफलर, त्यावर कानटोपी, आणि हातात रुमालात बांधलेला मिक्सरचा जळलेला ब्रश. त्यांचे काम माझ्या आधी झालेले होते, पैसेही देऊन झाले होते. तरीही ते गेले नव्हते, कारण घरी जाण्यापेक्षा हे अधिक चांगले होते.

“कशासाठी पाहिजे तापणारा?” त्यांनी विचारले.

“पिल्लांसाठी.”

“कोणाच्या पिल्लांसाठी?”

“कोंबडीच्या.”

“मग कोंबडी कुठे आहे?”

“मुंगसाने नेली.”

काकांनी क्षणभर विचार केला आणि अत्यंत गंभीरपणे विचारले, “मग मुंगूस कुठे आहे?”

या प्रश्नाचे उत्तर काय असू शकते याचा मी काल रात्रीपासून विचार करतो आहे. मुंगसाचा पत्ता मला ठाऊक असता तर काका काय करणार होते? कोंबडी परत मागणार होते, की पिल्लांचा ताबा त्याच्याकडे देण्याचा त्यांचा विचार होता? मी म्हणालो, “पळाले.” काकांनी मान हलवली. त्या मान हलवण्यात, मुंगूस हातचे घालवणाऱ्या माणसाकडून कोंबड्या काय सांभाळल्या जाणार, असा स्पष्ट अभिप्राय होता.

त्यानंतर त्यांनी प्रकरण रीतसर हाती घेतले. किती पिल्ले, हे विचारले. कोठेतरी वाचलेले, दर पिल्लामागे दोन वॅट हे प्रमाण मी अनवधानाने बोलून गेलो. हे प्रमाण शेडमध्ये एकत्र वाढणाऱ्या शेकडो पिल्लांसाठीचे आहे आणि खोक्यातल्या अकरा पिल्लांना डिसेंबरात ते पुरत नाही, हे वाक्य मला पूर्ण करू देण्यात आले नाही. काकांनी बोटांवर हिशेब केला. “अकरा दुणे बावीस. बावीस वॅटचा बल्ब निघत नाही. बाळा, यांना नऊचे दोन आणि चारचा एक दे.”

मुलाने तीन एलईडी बल्ब काउंटरवर मांडले. हिशेब अचूक होता. वॅट म्हणजे पिल्लांना वाटून द्यायचे दाणे आहेत, अशा समजुतीने केलेला तो हिशेब मी कसा खोडणार? एलईडी तापत नसल्याचे मी पुन्हा सांगितले. खरे तर त्याचे बूड कोमट होते; पण त्या कोमटपणावर माशीसुद्धा समाधानाने बसणार नाही.

“मग झिरोचा लावा,” काका म्हणाले. “चाळीस वर्षे आमच्या देवघरात आहे. त्याला वीज लागतच नाही.”

इथे मात्र मी मागे हटलो नाही. शून्य म्हणवून घेणारा तो जुना बल्ब प्रत्यक्षात पंधरा वॅटच्या आसपास वीज खातो, म्हणजे तुमच्या देवघरातला झिरो हा या काउंटरवरच्या नऊच्या एलईडीपेक्षा जास्त खर्चिक आहे, असे मी शांतपणे सांगितले. काकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. चाळीस वर्षे, रोजचे बारा तास, असा काहीतरी गुणाकार त्यांच्या ओठांवर हलताना दिसला. पाऊण तासातील माझा हा एकमेव विजय होता आणि त्याचा उपयोग पिल्लांना शून्य होता.

पराभव सोसून काका उपायांवर आले. पहिली सूचना कोळशाच्या शेगडीची. बंद खोलीत शेगडी ठेवली तर वास न येणारा विषारी वायू साठतो, आणि दर हिवाळ्यात अशा खोलीत झोपलेली माणसे सकाळी उठत नाहीत, हे मी सांगितले. “मग खिडकी उघडी ठेवा.” खिडकी उघडी ठेवली तर थंडी आत येते, आणि थंडीसाठीच शेगडी आणली होती. दुसरी सूचना कांड्यांच्या हीटरची. भाताच्या तुसावर ठेवलेला पुठ्ठ्याचा खोका आणि समोर लालबुंद कांडी, हे चित्र मी त्यांना समजावले. मुलाने मात्र तेवढ्यात हीटर खाली उतरवून त्यावरची धूळ पुसली होती. मग केस वाळवण्याचे यंत्र, मग गरम इस्त्री उलटी ठेवून, मग टीव्हीचा सेट टॉप बॉक्स. “आमचे मांजर त्याच्यावरच झोपते,” काका म्हणाले, “आणि बातम्याही ऐकू येतात.” शेवटी, काहीच नाही तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, असे ते म्हणाले. बाटली दीड-दोन तासांत गार होते आणि गार बाटली उलट पिल्लांच्या अंगातलीच ऊब ओढून घेते, असे मी थोड्या चढ्या आवाजात सांगितले. हा आवाज पुढे माझ्या अंगाशी आला.

एवढ्यात मुलाला आठवले की माळ्यावर जुना माल असावा. तो शिडीवर चढला. खालून मी चिनी मातीचा होल्डर सांगितला, कारण तासन्तास तापलेला बल्ब प्लॅस्टिकच्या होल्डरला मऊ करतो. तारेची जाळी सांगितली, कारण बल्ब निसटलाच तर तुसाला टेकू नये. आणि दोन हात साखळी सांगितली, कारण असा दिवा स्वतःच्या वायरीवर कधी लोंबकळत ठेवायचा नसतो.

“साखळी?” वरून आवाज आला. “पाळणा बांधायचा आहे का?”

दुकानात तोपर्यंत जमलेले चार-पाच जण मोकळेपणाने हसले. काकांनी मला धीर देत विचारले, “बल्ब खोक्याच्या मधोमध टांगणार ना?” मी म्हणालो, नाही, एका टोकाला; दुसरे टोक गार राहिले पाहिजे, म्हणजे ज्याला उकडेल ते पिल्लू तिकडे जाईल. काकांना हे पटले नाही. “मधोमध लावा. लहान मुलांत दुजाभाव करू नये.”

आणि मग, बल्ब वर्तमानपत्रातून बाहेर निघत असताना, त्यांनी तो प्रश्न विचारला. “एवढे सगळे करून, मोठी झाल्यावर तुम्ही त्यांना खाणार का?”

दुकान शांत झाले. मुलगा शिडीवर थांबला. आम्ही वर्षानुवर्षे आमच्या कोंबड्या खातो, त्यात लपवण्यासारखे काही नाही. परंतु त्या क्षणी, हातात साखळी घेऊन, “हो” म्हणणे मला जमले नाही आणि “नाही” म्हणणे खोटे झाले असते. मी “बघू” असे म्हणालो. त्या “बघू”वर जो सामूहिक हुंकार आला तो मी विसरणार नाही. मुलाने बल्बचे पन्नास रुपये लावले, वर “याला वॉरंटी नाही” हे सर्वांना ऐकू जाईल असे सांगितले.

यात हसण्यासारखे जेवढे होते तेवढे मी हसून घेतले आहे. पण घरी परतताना संताप येत होता, तो काकांचा नव्हता. पिल्लांना ऊब द्यायची माहिती हवी तेवढी मिळते, परंतु ती सारी हजार पक्ष्यांच्या शेडसाठी. अडीचशे वॅटचे लाल दिवे, गॅसवरचे ब्रूडर, पत्र्याची छत्री, पिल्ले कोपऱ्यात साठू नयेत म्हणून गोल कडे. अकरा पिल्लांसाठी तापणारी सुरक्षित प्लेट ऑनलाइन मिळते, तिची किंमत पिल्लांच्या आणि त्यांच्या दिवंगत आईच्या एकत्रित किमतीच्या कितीतरी पट आहे, आणि ती आठ दिवसांनी येणार होती. कोळसा मात्र कोपऱ्यावर सुट्टा मिळतो. हीटर काउंटरवर तयार असतो. ज्याने घर जळू शकते ते हाताशी आणि जे त्यातल्या त्यात बरे ते माळ्यावर, धुळीत, वर्तमानपत्रात. मग खेड्यातल्या बाईने रात्री पिल्लांपाशी शेगडी सरकवली तर तिला अडाणी म्हणायचे आणि मोकळे व्हायचे.

घरी येऊन मी खोक्याच्या एका टोकाला साखळीने दिवा टांगला आणि तापमापक शोधला. घरात एकच होता, ताप मोजायचा. तो एकदा चढला की झटकल्याशिवाय उतरत नाही, त्यामुळे खोका गार होत असला तरी तो अभिमानाने मघाचाच आकडा दाखवतो. मी दर दहा मिनिटांनी खोक्यात वाकून हात झटकत होतो, बायकोने, बोलणे बंद असूनही, “त्यांना ताप आहे का?” एवढे विचारून घेतले. शेवटी मी पिल्लांकडेच पाहिले. बल्बखाली गर्दी केली की त्यांना थंडी वाजते, लांब जाऊन चोची उघडून पंख सैल सोडले की उकडते, सगळी एकाच बाजूला सरकली की कुठूनतरी वारा लागतो. दोन कड्या वर, एक कडी खाली असे करता करता नऊ वाजता ती अकराही पिल्ले तुसावर विखुरली, त्यांचा आरडाओरडा थांबून नुसती बारीक चिवचिव उरली, आणि एक तर मान टाकून असे आडवे झोपले की मी घाबरून त्याला बोटाने हलवले. त्याने एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा मिटला. दिवसभरात माझ्याकडे कोणी तक्रारीशिवाय पाहिल्याचा तो पहिला प्रसंग होता.

पावणेबारा वाजता लाईट गेली.

पाच मिनिटे थांबलो. दहा मिनिटांनी चिवचिव वाढली, पंधराव्या मिनिटाला अंधारात ढीग रचला जाऊ लागला. मी गॅसवर पातेले चढवले, पाण्याच्या दोन बाटल्या भरल्या, त्या जुन्या बनियनमध्ये गुंडाळल्या आणि खोक्याच्या एका टोकाला आडव्या ठेवल्या. मोबाईलच्या उजेडात पाहिले तर अकराही पिल्ले बाटल्यांना दोन्ही बाजूंनी अंग चिकटवून, आईला बिलगावे तशी बसली होती. दीड वाजता बाटल्या बदलल्या, सव्वातीनला पुन्हा बदलल्या. पाच वाजता लाईट आली.

आज सकाळी दुधाच्या रांगेत काका पुढेच होते. तीच कानटोपी, तोच मफलर. मला पाहताच त्यांनी सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, “काय हो, रात्री बाटल्याच ठेवाव्या लागल्या ना?”

“नाही,” मी म्हणालो. “बल्ब छान चालला. लाईट गेलीच नाही.”

काका माझ्याकडे बघत राहिले. “असं का? तुमचे घर आमच्याच डीपीवर आहे ना?”