आत्याची चारची कॉफी

आज मिरजेला आत्याकडे गेले होते. वय ८४. अजून पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते. चार वाजले तशी सवयीने उठली, ओट्यापाशी गेली आणि तिथेच थांबली. मग माठातलं पाणी घेऊन परत आली. "कॉफी बंद केलीय गं माझी," म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. त्यामुळेच जास्त लागलं.

बंद कोणी केली? मुलाने, म्हणजे माझ्या आतेभावाने, दादाने. कशावरून? मोबाइलवर आलेल्या एका व्हिडिओवरून. साठीनंतर कॉफी म्हणजे हृदयावर घाला, असं त्यात कोणीतरी छातीठोकपणे सांगतोय. डॉक्टरांना विचारलं का? नाही. बीपीची एक गोळी सोडली तर आत्याला काही नाही. आणि तिची कॉफी ती काय! कपभर दूध, अर्धा चमचा पावडर, साखर, वरून जायफळ किसलेलं. आपल्या सगळ्यांच्या घरात होते तशीच. माझ्या बारावीच्या वर्षी रात्री अडीच वाजता हीच कॉफी करून आत्या माझ्याजवळ तांदूळ निवडत बसायची, मला झोप लागू नये म्हणून.

याच घरात दादा स्वतः दिवसाला पाच चहा पितो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये सांगितलंय, कपभर इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन, चहात ३० ते ६५, आणि दिवसाची मर्यादा ३००. करा हिशोब. एका कपावर कोणाची कॉफी बंद होते आणि पाच कपांवर कोणाचा चहा चालू राहतो?

आणि दुसऱ्या टोकाचे लोकही मला तितकेच नको झालेत. आमच्याच ग्रुपवर भाच्याने टाकलंय, रोज तीन कप काळी कॉफी घ्या, आयुष्य वाढतं. अमेरिकेत पन्नाशी ओलांडलेल्या ४ लाख लोकांची पाहणी झाली होती, २०१२ मध्ये छापून आली. कॉफी पिणारे थोडे कमी मेले, हे खरं. पण कॉफीमुळेच जगले असं ती पाहणी करणाऱ्यांनीही म्हटलं नाही. तेवढं वाक्य कोणी पुढे पाठवत नाही. १९९१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने कॉफीला मूत्राशयाच्या कर्करोगासाठी संशयितांत बसवलं, २०१६ मध्ये तिथून उठवलं. संशय राहिला तो ६५ अंशांच्या वर कढत कढत पिण्यावर, मग ते काहीही असो. आत्या तर बशीत ओतून फुंकर मारून पिते.

हो, संध्याकाळनंतर घेतली तर झोप उडते. गरोदर बाईने जपून घ्यावी. जेवणाला लागून घेतली तर अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. मान्य. पण आत्याची वेळ चारची आहे, जेवणाची नाही की झोपेची नाही!

मला खरं बोलायचंय ते चार वाजण्याबद्दल. शेजारच्या काकू, वय ७९, गेली तीस वर्षं चारला आत्याकडे येतात. दोघी पडवीत बसतात. कोणाची सून बाळंत झाली, कोणाचा गुडघा बदलला, पेन्शन जमा झाली का, सगळं त्या एका कपावर. आज मी विचारलं, काकू दिसल्या नाहीत? आत्या म्हणाली, "तिला म्हटलं तू घे, मी करून देते. तर म्हणते, तुझ्यासमोर मी एकटी कशी पिऊ? मग येईनाशीच झाली." तीन आठवडे झाले. तीन आठवडे आत्या चार ते सहा भिंतीकडे बघत बसलीय. हृदय जपायला निघालो आपण. कसलं हृदय?

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. आतोबा गेले तेव्हा दादा २६ वर्षांचा होता. रात्री छातीत दुखायला लागलं, रिक्षा मिळेना, यानेच त्यांना उचलून कोपऱ्यापर्यंत नेलं. पोचायच्या आधीच संपलं. तो व्हिडिओ त्याने कुठल्या भीतीने पाहिला असेल ते मला कळतं. आईला काही होऊ नये एवढंच त्याचं म्हणणं. तसं माझंही तेच आहे.

दादा, हे वाचशील तेव्हा रागावू नकोस. फोन करणार होते, पण फोनवर माझा आवाज चढला असता. गुरुवारी तिला बीपी दाखवायला नेणारच आहेस ना, तेव्हा डॉक्टरांना सरळ विचार, एक कप चालेल का. साखर कमी करायला सांगितली तर कमी करू. ते नको म्हणाले तर मी आत्याची समजूत घालीन, शब्द देते. पण काकूंना तोवर बोलावून घे. काहीतरी निमित्त काढ, कोकम सरबत कर, ताक कर. चारला दोघी पडवीत बसायला हव्यात.

मी रविवारी येतेय. आत्याच्या डब्यातलं जायफळ संपत आलंय, मी पाहिलं. येताना घेऊन येते.