पंचम लावला आणि तीव्र मध्यम ऐकू आला: पिच-टू-व्होल्टेजवरच्या आक्षेपाला उत्तर

नमस्कार. पिच-टू-व्होल्टेज, म्हणजे वाद्याचा सूर ओळखून त्याचं व्होल्टेज बनवणं, यावरच्या लेखावर तुमचा आक्षेप थोडक्यात असा: कॉर्ग एमएस-२० मिनी या सिंथेसायझरच्या बाह्य सिग्नलच्या विभागातून बासरीचा सूर युरोरॅकच्या (सुटी मोड्यूल जोडून बनवलेल्या सिंथेसायझरच्या) ऑसिलेटरला, म्हणजे सूर निर्माण करणाऱ्या भागाला, दिला, तर सा आणि तार सा जुळतात, मधले सूर घसरतात आणि तार सप्तकात सगळंच भलतीकडे जातं. शिवाय फुंकलं की आवाज बंद, थांबलं की सुरू. म्हणून पिच-टू-व्होल्टेज निरुपयोगी.

तुम्ही ऐकलंत ते बरोबर आहे, निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. दोष लेखाचाही आहे, कारण एमएस-२०चं व्होल्टेज वेगळ्या जातीचं असतं हे त्यात सांगायला हवं होतं.

युरोरॅकमध्ये प्रत्येक सप्तकाला १ व्होल्ट वाढतो. एमएस-२०मध्ये, १९७८च्या मूळ यंत्रापासूनच, व्होल्टेज थेट कंपनसंख्येच्या प्रमाणात असतं, म्हणजे सप्तक चढलं की ते दुप्पट होतं. समजा मध्य सा १ व्होल्टवर आहे. तार सा २ व्होल्टवर येतो, इथवर दोन्ही पद्धती जुळल्या. पण पंचम १.५ व्होल्टवर येतो आणि युरोरॅकचा ऑसिलेटर त्याला बरोबर अर्धं सप्तक समजतो: तीव्र मध्यम! अतितार सा ४ व्होल्टवर जातो, तेव्हा ऑसिलेटर एकाऐवजी दोन सप्तकं वर उडतो. स्केलचा स्क्रू कितीही फिरवलात तरी हे सुधारणार नाही. वक्रच वेगळा आहे.

आवाज उलटा चालू-बंद होण्याचं कारणही असंच. कॉर्गचा ट्रिगर (सूर सुरू झाल्याची खूण देणारा सिग्नल) 'चालू' असताना शून्यावर येतो आणि एरवी वर असतो; युरोरॅकच्या गेटचं, म्हणजे त्याच कामाच्या सिग्नलचं, याच्या नेमकं उलट. ट्रिगर उलटवून त्यात ५ व्होल्टचा ऑफसेट (कायमचं जादा व्होल्टेज) मिळवा.

सुरासाठी सोपा मार्ग असा: एमएस-२०चा प्रीअँप आणि फिल्टरच तेवढा वापरा. 'बीपीएफ आउट'मधून सिग्नल काढून १ व्होल्ट-प्रति-सप्तक देणाऱ्या ट्रॅकरला (सूर ओळखणाऱ्या मोड्यूलला) द्या. युरोरॅकमध्ये ऑडिओ साधारण १० व्होल्ट पीक-टू-पीक असतो, त्यामुळे मध्ये आणखी गेन (सिग्नलची वाढ) लागू शकतो. फिल्टरचा लो कट (याखालची कंपनं अडवणारी मर्यादा) १५० हर्ट्झच्या आसपास ठेवा; ५० हर्ट्झची वीजवाहिनीची गुणगुण आणि फुंकेचा धक्का तिथेच अडतो. हाय कट तुम्ही वाजवणार त्या सर्वांत वरच्या सुराच्या जरा वर. मंद्रात सप्तकाची उडी पडते ती दुसरा हार्मोनिक (दुप्पट कंपनसंख्येचा उपस्वर) मूळ सुराहून जोरकस झाला की. तेव्हा एका वेळी एका सप्तकातच वाजवा, किंवा ट्रॅकरच्या आधी व्होल्टेजवर चालणारा वेगळा फिल्टर लावून त्याच्या कटऑफला ट्रॅकरचं व्होल्टेज द्या, म्हणजे तो फिल्टर सुरामागे सरकत राहील.

सुराची आवर्तनं मोजण्यात होणारा विलंब टळत नाही, पण बासरीवर तो थोडा असतो. पांढरी तीनच्या बासरीचा मंद्र पंचम २४७ हर्ट्झचा, म्हणजे एक आवर्तन ४ मिलिसेकंदांचं. दोन मोजायला ८ लागतात. गिटारच्या खालच्या ईला (८२.४ हर्ट्झ) त्यासाठी २४ लागतात. उलट जोडसुरांची पेटी, चिकारी वाजत असलेली सतार किंवा मागे तानपुरा असेल, तर ट्रॅकर गोंधळणारच, कारण त्याला एका वेळी एकच सूर ओळखता येतो.

सूर संपताना पिच खाली कोसळत असेल तर गेट सुटताच सॅम्पल-अँड-होल्डने व्होल्टेज धरून ठेवा. क्वांटायझर (व्होल्टेज ठरावीक सुरांवर खेचणारं मोड्यूल) मात्र काढून टाका, तो मींड कापतो. थरथर घालवायला ५ ते १० मिलिसेकंदांचा स्ल्यू (व्होल्टेजचा बदल संथ करणं) पुरतो.

शेवटी ट्रॅकरच्या आउटपुटला मल्टिमीटर लावून सा आणि तार सा यांच्या व्होल्टेजमधला फरक मोजा. तो १.००० व्होल्ट यायला हवा. १० मिलिव्होल्ट चुकले म्हणजे १२ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग), प्रमाणश्रुतीच्या (सुमारे २२ सेंटच्या सूक्ष्म अंतराच्या) निम्म्याहून जास्त. तेवढं कानाला नक्की टोचतं.