परदेशातून : बारा घरांचा वडील

कोल्हापूरच्या ख्रिस्ती मंडळ्यांत, म्हणजे चर्चांत, एक विषय सारखा चघळला जातो : तरुण पोरं जुनी मंडळी सोडून नव्या फेलोशिपकडे, म्हणजे नव्या स्वतंत्र प्रार्थना-गटांकडे, का वळतात? उपायही ठरलेले. ड्रमसेट घ्या, प्रोजेक्टर लावा, तीन दिवसांची उज्जीवन सभा ठेवा. स्कॉटलंडात बसून हा वाद ऐकताना वाटतं, इथली एक जुनी पद्धत आणि ती कशी मोडली, एवढं बघितलं तरी बराच खर्च वाचेल.

चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये मंडळीच्या प्रत्येक वडिलाकडे (एल्डर, म्हणजे मंडळीचं काम बघणारा ज्येष्ठ सभासद) घरं वाटून द्यायची रीत आहे, साधारण दहा ते पंधरा. प्रभुभोजनाआधी, म्हणजे भाकर-द्राक्षरसाच्या विधीआधी, त्याने घरोघर जाऊन त्याचं कार्ड द्यायचं. कार्डांच्या आधी धातूचे बिल्ले असत, बहुधा शिशाचे, नाण्याएवढे, वर मंडळीचं नाव किंवा साल. बिल्ला हाती पडण्याआधी विचारपूस होई : शास्त्र कितपत कळलं? शेजाऱ्याशी भांडण होतं, ते मिटलं का? दुसऱ्या प्रश्नाला पाठांतर कामी येत नसे.

पुढे बिल्ल्याचं कार्ड झालं आणि कार्ड हळूहळू दाराच्या पत्रपेटीत पडू लागलं. वडील पोस्टमन झाला. १९५० च्या दशकात तेरा लाखांच्या आसपास सभासद असलेलं हे चर्च आज तीन लाखांच्या खाली आलंय, इमारती विकायला निघाल्यात. कारणं पुष्कळ आहेत, सगळं खापर पत्रपेटीवर फोडणं बरोबर नाही. पण ऑर्गन नि रंगीत काचा जागच्या जागी होत्या, त्यांनी कुणाला थोपवलं नाही.

आपल्याला हे परकं नाही. १८५२ मध्ये अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले, पुढे प्रेस्बिटेरियन मिशनचं काम वाढलं, आणि त्या परंपरेत वडील हे पद मुळातच आहे. आता निवडणुकीत पॅनेल कुणाचं हे आधी बघतात, घरभेट कोण करणार हे कुणी विचारत नाही.

समजा, कसबा बावड्यातली बारा घरं एका वडिलाकडे दिली, जोडीला महिला मंडळातली एक बाई. (स्कॉटलंडने १९६६ मध्ये बायकांना वडीलपद खुलं केलं, त्यालाही बराच उशीर झाला.) महिन्याला तीन घरं, म्हणजे चार महिन्यांत फेरी पुरी. मार्कच्या शुभवर्तमानाचे अध्याय सोळा, आठवड्याला एक वाचला तर तेही तेवढ्यात संपतं. भेट पाऊण तासाची. घरातल्या सर्वांत लहान वाचणाऱ्याने बायबलच्या दहा-बारा ओव्या (वचनं) वाचायच्या, मग कुठे अडलं ते बोलायचं, ना. वा. टिळकांचं एखादं ख्रिस्ती भजन, प्रार्थना. चहा शेवटी. आधी चहा झाला की पोहे येतात, पाव्हण्यांची चौकशी निघते, ऊसदर निघतो आणि प्रार्थना चपला घालता घालता उरकते.

बिघडतं कुठे? वडील तिथेही उपदेश करत बसतो. नात्यातल्या दोन घरी चारदा जातो आणि ज्या घरी बोलाचाली बंद आहे ते टाळतो. सर्वांत वाईट म्हणजे घरातली गोष्ट रविवारी गेटवर पोचते. मग ते दार पुन्हा उघडत नाही. म्हणून एकट्याने जायचं नाही, आणि ऐकलेलं विचारल्याशिवाय पाळकांनाही सांगायचं नाही. बाईला किंवा मुलाला मारहाण होत असेल तर मात्र गप्प बसणं हा गुन्हाच.

दृढीकरणाचंही, म्हणजे पोरांना मंडळीचं पूर्ण सभासद करून घेण्याच्या विधीचंही, तसंच. प्रभूची प्रार्थना, दहा आज्ञा, विश्वासांगीकार पाठ होतो, फोटो निघतो आणि पोरगं गायब. पाठांतर हवंच, पण त्यानंतर त्याला काम हवं. इब्री लोकांस पत्राचा पाचवा अध्याय दुधावरच राहिलेल्यांना हेच सुनावतो, एव्हाना तुम्ही शिकवायला हवं होतं. दृढीकरण झालेल्या प्रत्येकाला पुढचे सहा महिने एका वडिलाबरोबर तीन घरी पाठवा. पहिल्या भेटीत ऐकू द्या, दुसऱ्या भेटीत वाचू द्या, तिसऱ्या भेटीत प्रार्थना त्याची.

फेलोशिपवर तोंडसुख घेण्याआधी हेही बघा, की तिथे रविवारी न दिसलेल्या पोराला मंगळवारी फोन येतो.