एका कानाने ऐकलेली बिली हॉलिडे

गेल्या पावसाळ्यात बाबा अकरा रात्री आयसीयूत होते. बाहेर नातेवाइकांसाठी एक लोखंडी बाकडं. सिस्टर कधी नाव पुकारतील याचा नेम नाही, म्हणून एका कानात इयरफोन आणि दुसरा कान दाराकडे. त्या अकरा रात्री मी जवळजवळ एकटी बिली हॉलिडे, ही अमेरिकन जॅझ गायिकाच ऐकली. तिची १९३०-४० च्या दशकांतली रेकॉर्डिंग मोनो आहेत, दोन्ही कानांत तेच वाजतं. एका कानाने ऐकलं तरी काहीच निसटत नाही. इतकी वर्षं ऐकूनही हे माझ्या लक्षात आलं ते त्या बाकड्यावर.

आज लिहायला बसले कारण परवा एका कॅफेत तिचाच आवाज कानावर आला. मिक्सर चालू, टेबलाटेबलावर गप्पा, आणि मागे कुठेतरी ती. मोबाइलवरही जुनं जॅझ शोधायला जा, झोप लागण्यासाठी, अभ्यासासाठी, पावसासाठी अशाच याद्या समोर येतात. मला खरंच वाईट वाटतं. या आवाजांनी जीवाला बरं वाटतं हे शंभर टक्के खरं, पण ते का वाटतं हे कळायला समोर बसून ऐकावं लागतं हो!

तिचं १९४४ चं 'आय विल बी सीइंग यू' लावून बघा. ठेका संथ चाललाय आणि बाई त्याच्याही मागे. शब्द यायला हवा तिथे येत नाही, आपला श्वास थोडा अडकतो, मग तो अलगद येऊन टेकतो. ठुमरी ऐकणाऱ्याला हे नवीन नाही. एकच ओळ पुन्हा पुन्हा घेऊन तिचा अर्थ उलगडत जायचा, आणि समेची मुळीच घाई करायची नाही. बिलीचा आवाज जेमतेम सव्वा-दीड सप्तकाचा. ताना नाहीत, मोठी फेक नाही. सगळी करामत शब्द कधी ठेवायचा यात. आत मॉनिटर टिकटिकतोय, जो तो घाईत, आणि कानात एक बाई, जिला कुठेही पोहोचायची घाई नाही. मला त्या रात्री कुणी 'सगळं ठीक होईल' म्हटलेलं सहन होत नव्हतं. ती तसं म्हणत नव्हती. नुसती शेजारी बसल्यासारखी होती.

या शेजारी बसण्यामागे एक यंत्रही आहे. साधारण १९२५ पर्यंत ध्वनिमुद्रण भोंग्यासमोर व्हायचं, गाणाऱ्याला आवाज चढवूनच गावं लागे. मग मायक्रोफोन आला आणि कुजबुजसुद्धा तबकडीवर उतरू लागली. बिलीचं पहिलं रेकॉर्डिंग १९३३ चं, ती तेव्हा अठरा वर्षांची. मायक्रोफोनशी ती अशी बोलते, जणू समोर एकच माणूस आहे. तो माणूस आपणच, असं ऐकणाऱ्या प्रत्येकाला वाटतं.

आणि हा गोडवा सुखातून आलेला नाही. १९४७ मध्ये अमली पदार्थांच्या खटल्यात तिला तुरुंगवास झाला. न्यूयॉर्कच्या क्लबांत गायला लागणारं कार्ड गेलं, ते गेलंच. सुटल्यावर काही दिवसांतच तिने न्यूयॉर्कमधलंच कार्नेगी हॉल हे नामांकित सभागृह भरवलं, पण दारू मिळते अशा तिथल्या साध्या क्लबात गायला मात्र बंदी!

डिसेंबर १९५७ मधल्या सीबीएसच्या एका टीव्ही कार्यक्रमाचं चित्रीकरण उपलब्ध आहे. बिली स्टुलावर बसून स्वतःच रचलेलं 'फाइन अँड मेलो' गातेय, भोवती वादकांचं कोंडाळं. त्यांतला सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग हा तिचा जुना मित्र. तिला 'लेडी डे' हे नाव त्यानेच दिलेलं. त्याची प्रकृती पार ढासळलेली. तो उठतो आणि बारा मात्राखंडांचं एकच आवर्तन वाजवतो. फार थोडे स्वर, त्यांच्यामध्ये भरपूर मोकळी जागा. तेव्हा कॅमेरा बिलीच्या चेहऱ्यावर येतो. ती हळूहळू मान डोलावते, ओठांवर अर्धं हसू. मी तेवढाच तुकडा कितीदा पाहिला असेल! १९५९ च्या मार्चमध्ये तो गेला, जुलैमध्ये ती. वय ४४.

दुसरी जॅझ गायिका एला फिट्झजेराल्ड, तिच्याबद्दल स्वतंत्र लिहायला हवं. तिच्याकडे मी सकाळी जाते. फेब्रुवारी १९६० मध्ये बर्लिनला, हजारो लोकांसमोर, 'मॅक द नाइफ' गाताना ती शब्द विसरली. गाणं मूळचं त्याच शहरातलं, १९२८ च्या संगीतिकेतलं. ती थांबली नाही. आपण गाण्याची कशी वाट लावतोय हेच तिने त्या चालीत, ठेका न सोडता गायला सुरुवात केली, मध्येच जॅझ गायक आणि ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगचा खरखरीत आवाज काढला. याच गायनाला ग्रॅमी मिळालं. चूक झाल्यावर माणूस इतका मोकळा राहू शकतो, हे ऐकून मला दरवेळी भरून येतं.

बाराव्या दिवशी बाबांना वॉर्डात हलवलं. संध्याकाळी त्यांनी माझ्या कानाकडे बोट दाखवून खुणेनेच विचारलं, काय ऐकतेस? मी दुसरा इयरफोन त्यांच्या कानात घातला. बराच वेळ डोळे मिटून होते. सलाइन नसलेल्या हाताचं बोट चादरीवर ठेका धरत होतं. गाणं संपल्यावर म्हणाले, "परत लाव."